वस्तीतला ट्रान्झिस्टर

रेडिओ म्हटले की आम्हा वऱ्हाडातल्या भावंडांना आधी नागपूर केंद्र आठवते. १६ जुलै १९४८ रोजी हे केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. पुढे राज्य बदलले, राजधानी मुंबईला गेली. पण अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांचे कान नागपूरकडेच लागलेले राहिले.

आमच्या वस्तीत पहिला ट्रान्झिस्टर आणला तो अकोल्याच्या कापडगिरणीत कामाला असलेल्या काकांनी. त्या काळी रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. काका तो परवाना पेटीत, घराच्या कागदांसोबत जपून ठेवत. सेल उतरले की उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन दिवस ढकलायचे.

संच एकाचा, ऐकणारी सारी वस्ती. दिवेलागणीला ओट्यावर माणसे जमत. निंदणाहून परतलेल्या बाया भाकरी थापता थापता ऐकत. गावात वर्तमानपत्र येई, ते पारावर वाचले जाई. आमच्या म्हाताऱ्यांना त्या पारावर जागा नव्हती. बातमी आमच्यापर्यंत येई ती दुसऱ्याच्या तोंडून, त्याला वाटेल तेवढीच. रेडिओने हा मधला माणूस दूर केला. अक्षरओळख नसलेली आमची आजी कापसाचा भाव स्वतःच्या कानांनी ऐके. उद्या पाऊस म्हटले की मजुरी बुडणार, हे ओळखून पीठ जपून वापरी.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी आमच्या वस्तीत एकही संच नव्हता. ते भाषण आम्ही पुढे छापील वाचले. म्हणूनच काकांच्या त्या लहानशा संचाचे मोल आमच्या आईवडिलांना अधिक वाटे.

मीडियम वेव्हची तऱ्हाच निराळी. दिवसा तिच्या लहरी जमिनीलगत चालतात, म्हणून जवळची केंद्रे लागतात. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरतात आणि दूरची केंद्रेही कानी येतात. नागपूरसोबत पुढे जळगाव, परभणीही लागू लागले. आवाज बारीक झाला की आम्ही संचाचे तोंड फिरवत असू. आतल्या कांडीला दिशा लागते, हे पुष्कळ उशिरा कळले!

ऐंशीच्या दशकात परवाना रद्द झाला. मग घरोघरी दूरदर्शन आले. अकोल्याला एफएमवर स्थानिक केंद्र झाले, तेव्हा आपल्याच भागातली माणसे बोलताना ऐकून मोठी माणसे हरखली. आता देशभरात मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपण केंद्रे बंद झाली आहेत. बातमी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर येते आणि प्रत्येक जण ती एकट्याने ऐकतो. बातम्यांनंतर ओट्यावर होणारी चर्चा, "असं कसं म्हणते सरकार?" असे विचारणारी आजी, हे मात्र राहिले नाही. आम्हा मुलांना प्रश्न विचारण्याची सवय त्याच ओट्यावर लागली.

वाचकहो, आपल्या वस्तीत पहिला रेडिओ कोणी आणला, तो कोण कोण ऐके, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. ज्यांना लिहिता आले नाही, त्यांच्या शिक्षणाचा हा इतिहास आहे. तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.