फळीखालचं पाणी

नावेच्या फळीखाली पाणी बोलतं. डुबुक, डुबुक, मग मध्येच एक लांब ओढलेली सळसळ, आणि पुन्हा डुबुक. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गोदाकाठी हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नावेच्या तळाशी आडवं पडून, कान थेट लाकडाला लावून. पलीकडे अंबडच्या अंगाला मावशीचं गाव, अलीकडे आम्ही, मध्ये गंगा. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. भोईमामा लांब बांबू तळाला रोवून अख्खं अंग मागे रेलायचे, नाव पुढे सरकायची, आणि फळीखालच्या पाण्याचा सूर बदलायचा. डांबराचा वास, भिजल्या घोंगडीचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा वास, आणि कानाशी तो आवाज. आजी म्हणायची, उठ रे, कपडे भिजतील. उठवत नसे.

पुढे वर पैठणला पाणी अडलं, खाली पात्र आक्रसत गेलं. उन्हाळ्यात गंगेतून चालत पलीकडे जाता यायचं, आणि नाव काठावरच्या बाभळीखाली उलटी पडून असायची. तिच्या फटींतून ऊन आरपार जायचं. मी तिच्यावर कान ठेवून पाहिला होता. तापलेल्या लाकडाला काहीही आठवत नव्हतं.

हे सगळं मनात पुन्हा हललं ते गोव्यात, मांडवीकाठी. ओळखीतल्या एका नौसैनिकाने धक्क्यावर नेलं, आणि तिथे दोघी उभ्या होत्या: म्हादेई आणि तारिणी. दोघी शिडाच्या, दोघी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडलेल्या, लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेल्या. एक ५६ फुटांची, दुसरी ५५. म्हादेई २००९ साली नौदलात आली, तारिणी २०१७ साली. लांबून पाहाल तर जुळ्या बहिणी. जवळ गेलं की फरक अंगावर येतो.

बैलबाजारात जाणती माणसं बैलाचे दात नंतर बघतात, आधी मानेवरून हात फिरवतात, जू कुठे बसलं होतं ते चाचपतात. मी तसाच हात फिरवला. म्हादेईच्या कडेला दोर घासून घासून जिथे झिलई गेली होती, तिथे बोट बुडेल अशी गुळगुळीत खळगी पडली होती. ही खळगी कुणी कोरलेली नव्हती. हजारो मैलांचे ताण एका ठिकाणी एकवटले की एवढंसं काहीतरी मागे उरतं. नौदल अधिकारी दिलीप दोंदे २००९च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून हिच्यावर एकटे निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परतले. एकट्याने असा वळसा घालणारे ते पहिले भारतीय. मग नौदलातलेच अभिलाष टॉमी, १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, एकटे, आणि वाटेत कुठल्याही बंदराला न लागता. त्या खळगीत बोट ठेवून उभं राहिलं की वाटतं, रात्री तीन वाजता, कुठलाच किनारा जवळ नसताना, हाच दोर एका माणसाच्या मुठीत होता. अंगावर काटा येतो.

तारिणीवर हात फिरवताना मन वेगळं होतं. तिच्यावर एकटेपणाचा नव्हे, सोबतीचा वावर आहे. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलातल्या वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी गोव्याहून निघाल्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्नला वळल्या, परतीला सुकाणू बिघडलं म्हणून मॉरिशसला थांबल्या, आणि २१ मे २०१८ ला घरी आल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला नौदलातल्याच दिल्ना आणि रूपा या दोघीच तिला घेऊन निघाल्या आणि आठ महिन्यांनी परतल्या. चार दिवस राहायचं असतं, तर मी तारिणीवर राहिलो असतो. तिथे बोलणं ऐकू आलं असतं.

मी ओणवा झालो आणि दोघींच्या फळीला आळीपाळीने कान लावला. तारिणीखालचं पाणी अवखळ होतं, ओहोटीच्या ओढीने खळाळणारं. म्हादेईखाली मात्र तेच: डुबुक, डुबुक, मग ती लांब सळसळ. आजी, मावशी, मेथी, घोंगडी. एवढ्या दूरवर, खाऱ्या पाण्यावर! डोळे भरून आले, आणि सोबतचा नौसैनिक समजूतदारपणे दुसरीकडे बघत राहिला.

नंतर कळलं की एका भारतीयाने एकट्याने जगाला वळसा घालावा हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचा होता, आणि निवृत्तीनंतर ते राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीत. फलटण! आमच्यासारखाच कमी पावसाचा मुलूख, जिथे ढग दिसला की माणूस अंगणात येऊन उभा राहतो. समुद्राची इतकी अनावर ओढ कोरड्या गावात बसून जपता येते, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या बीडमध्येही कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात उभं केलं ते पाण्यासाठी आसुसलेल्या मुलखातल्या माणसांनीच. ज्याला पाणी सहज मिळतं, त्याला फळीखालचा आवाज इतका काळ पुरत नसावा.

लोक मला विचारतात, दोघींत उजवी कोण? तारिणी दोनदा जग फिरून आली आहे आणि तिच्यावर बायकांनी जे केलं त्याचा अभिमान आहेच. तरी माझं माप म्हादेईच्या पदरात. दांडेकरांनी ती घडवली तेव्हा अशी नौका आपल्याकडे कुणी बांधलेली नव्हती, आणि तारिणीवरून जगाला वळसा घातलेल्या पहिल्या सहाही जणी शीड हाताळायला आधी म्हादेईवरच शिकल्या.