पिंपळे सौदागरची १०३ कुटुंबं!

पिंपळे सौदागरला कधी गेलाय? कोकणे चौकात सिग्नलला अडकून त्या उंच उंच सोसायट्या बघितल्यात? मग थांबा, हे ऐकाच! याच गावात शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी घराघरांत आणि बांधाबांधावर जाऊन सगळं मोजून ठेवलंय! सगळं म्हणजे सगळं! जमीन, विहिरी, गुरं, पिकं, कर्ज, खाण्यापिण्याचा खर्च!

या मोजणीच्या पुस्तकाचं नाव 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज', साल १९१७. लिहिणारे हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर वगैरे मंडळी. मला अर्थशास्त्र येत नाही, शेतीतलं तर अजिबातच काही कळत नाही, पण पुस्तक उघडलं आणि मग एक तक्ता वाचला आणि मग दुसरा आणि मग घरातल्या प्रत्येकाला धरून धरून आकडे ऐकवत सुटले!

आता तुम्हीही ऐका. १७७१ साली, म्हणजे थोरले माधवराव पेशवे हयात असताना, इथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन! पेशवाई बुडाली त्या १८१८ साली साडेसतरा! पुढे १४! आणि १९१४-१५ मध्ये, मान मोजायला आले तेव्हा, फक्त ७! चाळीसाचे सात! जमीन कुठे पळून गेली नव्हती हो, वाटण्या झाल्या होत्या. आणि वाटणी कशी? एका भावाला हे शेत, दुसऱ्याला ते, असं नाही! काळ्या जमिनीतही प्रत्येकाचा वाटा, मुरमाडातही वाटा, आणि मग त्यांच्या मुलांचे त्यातही वाटे, आणि मग १५६ खातेदार आणि सातशेहून जास्त तुकडे! बहुतेक एकराहून लहान. शंभरावर तुकडे तर पाव एकराच्याही आतले! तिथे बैलांनी नांगर वळवायचा कुठे, सांगा ना!

आणि मग तो तक्ता, ज्याने माझी झोपच उडवली. १०३ कुटुंबं. त्यांच्या स्वतःच्याच साध्या राहणीचं माप लावलं, बाहेरचं नाही. त्यात नुसत्या जमिनीवर नीट भागणारी किती? आठ! बाहेरची कमाई धरली की आणखी २८. आणि ६७ कुटुंबांचं शेती अधिक मजुरी करूनही भागत नाही! सदुसष्ट! मी प्रत्येक आकड्यामागे एक चूल बघत बसले. कोणाकडे आज भाकरी पुरणार नाही, कोण सावकाराकडे निघालाय, कोण पहाटे उठून खडकीची वाट धरतोय. दारूगोळ्याचा कारखाना तिथे १८६९ पासूनच होता ना! म्हणजे गावातून कामाला बाहेर पडायचं, हे या सोसायट्यांतल्या आयटीवाल्यांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे!

आणि हे मान कोण, तर मूळचे रसायनशास्त्रज्ञ! पुण्याला येण्याआधी आसामच्या चहावर काम करत होते. आणि त्याच काळात त्यांनी इंग्लंडात, बेडफर्डशायरमधल्या रिजमाँट नावाच्या खेड्यात, असंच घर-घर फिरून गरिबी मोजली होती! म्हणजे स्वतःच्या देशातलं खेडं ज्या चिकाटीने मोजलं, त्याच चिकाटीने पवनाकाठचं हे गाव! मला हे फार फार आवडलं. गरीब माणसाचा हिशेब कोणीतरी पै-पैसा धरून मांडावा, यापेक्षा मोठा आदर मला तरी माहीत नाही.

तुमच्या घरी जुने सातबारे असतील ना? कपाटात, ट्रंकेत, आजोबांच्या पिशवीत? काढा बघू! आजोबांच्या नावावर किती होतं, आज किती उरलंय, एका कागदावर लिहा आणि मला कळवा! मी तोवर मान आणि कानिटकरांचं दुसरं पुस्तक शोधते. १९२१ चं! जातेगाव बुद्रुकवर! ते गाव शिरूर तालुक्यातलं आहे, आणि कोणी येणार असेल तर मी रविवारी पुस्तक घेऊन थेट तिथेच निघणार आहे!