पुनर्जन्म आणि पुनरुत्थान

अमेरिकेत आल्यावर ख्रिसमस लगेच अंगवळणी पडला. ईस्टर कळायला मात्र बरीच वर्षं लागली. आपल्या लेखी ईस्टर म्हणजे रंगीत अंडी आणि चॉकलेटचे ससे! प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्माचा कणा ख्रिसमस नसून ईस्टर आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपली श्रद्धा फोल, असं संत पौलाने करिंथकरांना पहिल्या शतकातच स्पष्ट लिहिलं होतं. रविवार हा उपासनेचा वार झाला तोही यामुळेच. रशियन भाषेत तर रविवारचं नावच 'पुनरुत्थान' या अर्थाचं आहे.

पुनरुत्थान म्हटलं की आपल्याला पुनर्जन्म आठवतो. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे आत्मा अमर आणि देह म्हणजे वस्त्र. जुनं टाकलं, नवं घेतलं, आधीची ओळख पुसली. बाबांच्या अस्थी गोदावरीत सोडल्यावर गुरुजींनी आम्हाला बजावलं होतं, आता मागे वळून बघायचं नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र तोच माणूस, त्याच नावाने, देहासकट उठायचा असतो. म्हणून तर परंपरेने दफन. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती थेट १९६३ साली.

मी पडलो मटेरियल्सवाला. धातूतले तडे कसे वाढतात यावर पीएचडी केली, ते आपणहून सांधलेले एकदाही पाहिले नाहीत. त्यामुळे हे सगळं मला पचायला जडच.

नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलममध्ये मोरेव्हियन पंथाचं जुनं कब्रस्तान आहे. नाव 'गॉड्स एकर', म्हणजे देवाचं शेत. पेरलेलं बी उगवतं तसं, ही कल्पना. सगळ्या शिळा पांढऱ्या, सारख्या, जमिनीलगत आडव्या. श्रीमंत-गरीब भेद नाही. आणखी गंमत म्हणजे इथे कुटुंबं एकत्र पुरत नाहीत. विवाहित पुरुष एकीकडे, विवाहित बायका दुसरीकडे. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरोघरची माणसं बादल्या-ब्रश घेऊन शिळा घासतात, फुलं ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रास बँड वाजत असतात आणि उजाडताना सगळे कबरींमध्ये उभे राहून प्रभू उठल्याची ग्वाही देतात. १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी सुरू झालेली ही प्रथा सेलममध्ये १७७२ पासून आहे.

आमच्या लॅबमधल्या साठीच्या टेक्निशियन बाई याच पंथाच्या. त्यांचे यजमान तिथेच आहेत. एका ईस्टरच्या आदल्या दिवशी मीही मदतीला गेलो. शिळा घासता घासता विचारलं, "म्हणजे तुम्हा दोघांच्या जागा कायमच्या वेगळ्या?"

"झोपायला वेगळ्या. उठल्यावर शोधेन की त्याला!" अगदी सहज, बाजारात चुकामूक झाल्यासारखं.

शेजारी त्यांचा मुलगा पाणी ओतत होता. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून दोनदा बाहेर आला, दोनदा पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला घरात घेतलं तेव्हा नातेवाईकांनी वेड्यात काढलं होतं. तो बादली भरायला गेल्यावर मी भीत भीत तेच विचारलं.

त्या म्हणाल्या, "दर वर्षी इथे उभी राहून मेलेला उठला म्हणते. मग घरी जाऊन पोराला 'तू संपलास' कसं म्हणू? पैशांचं कपाट मात्र कुलपात ठेवते हं!"

पुस्तकं वाचून जे कळलं नव्हतं ते या कुलपासकटच्या श्रद्धेने कळलं. मेल्यानंतर काय होतं याचं उत्तर एवढाच पुनरुत्थानाचा अर्थ नाही. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला जिवंत माणसावरही शेवटची काट मारता येत नाही, आणि हे रोज, दमूनभागून निभवावं लागतं.

माझा विश्वास बसला का? नाही. मुलगा यावेळी टिकेल का, तेही मला माहीत नाही. पण त्या दिवशी तो बापाच्या नावाच्या अक्षरांतली माती काडीने एकेक करून काढत होता, आणि बाई काही न बोलता त्याच्याकडे बघत होत्या.