वर्गणी आपोआप भरताना

मराठी मासिकाच्या कचेरीत वर्गणी विभाग म्हणजे एक जाडजूड रजिस्टर, पावतीपुस्तकं आणि संपत आलेल्या वर्गणीची आठवण करून देणारी पोस्टकार्डं. ही व्यवस्था कित्येक दशकं चालली. पुण्यातल्या ज्या मासिकासाठी मी संगणकाचं काम पाहिलं, तिथंही तीच होती. वर्गणी विभाग सांभाळणाऱ्या ताईंना जुने वर्गणीदार पत्त्यासकट पाठ होते. मासिकाची डिजिटल आवृत्ती निघाली, दरमहा वर्गणीचा पर्याय आला आणि वसुली एका ऑनलाइन बिलिंग सेवेकडे सोपवायचं ठरलं. त्या सेवेशी मासिकाचा सर्व्हर जोडण्याचं काम माझ्याकडे आलं.

ताईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “एखाद्या आजोबांचे पैसे दोनदा गेले, तर त्यांना उत्तर कोण देणार?” पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती उभं राहिलं.

अशा सेवा आता भारतात सवयीच्या झाल्या आहेत. चेन्नईत २०११ साली सुरू झालेली चार्जबी, २०१४ सालची रेझरपे, कॉलिसन या आयरिश बंधूंनी अमेरिकेत उभारलेली स्ट्राइप ही त्यांतली ठळक नावं. सेवेच्या सर्व्हरला विनंती पाठवायची, तर पत्ता, गुप्त किल्ली, माहितीची मांडणी, चुकांचे संदेश हे सारं सांभाळावं लागतं. ते काम सेवेची क्लायंट लायब्ररी करते. पायथन, पीएचपी, जावा, रुबी अशा भाषांसाठी कंपन्या ती स्वतःच पुरवतात. रेझरपे आणि स्ट्राइप यांच्या पायथन लायब्ररी एमआयटी परवान्याखाली खुल्या आहेत. त्यांचा कोड कुणीही वाचू शकतो. मी तो वाचायला बसलो, आणि पैशांचा व्यवहार किती जपून करावा लागतो याचे धडे त्यात ओळीओळीत सापडत गेले.

पहिला धडा रकमेचा. या सेवांना रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात सांगावी लागते. ४९९ रुपये पाठवायचे तर ४९९०० पैसे असं लिहायचं. जपानी येनला व्यवहारात लहान नाणं उरलेलं नाही, म्हणून स्ट्राइपला ५०० येन ५०० असेच कळवतात. यामागचं कारण पक्कं आहे. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यातले बरेच अपूर्णांक त्याला तंतोतंत मांडता येत नाहीत. पायथनमध्ये १९.९९ ला १०० ने गुणलं की उत्तर १९९९ पेक्षा कणभर कमी येतं; त्याचा पूर्णांक केला की हाती १९९८ उरतात. एक पैसा गेला. हजारो पावत्यांच्या हिशेबात असा पैसा शोधणं फार जड जातं, म्हणून अपूर्णांकाला सुरुवातीलाच दाराबाहेर ठेवायचं.

दुसरा धडा ताईंच्या प्रश्नाचाच. मासिकाच्या सर्व्हरने “या वर्गणीदाराकडून रक्कम घ्या” अशी विनंती पाठवली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर पैसे कापले गेले की नाही? पाठवणाऱ्याला ते कळत नाही. पुन्हा विनंती करावी तर दुहेरी वसुलीची भीती, न करावी तर वर्गणी बुडण्याची. स्ट्राइपने यावर दिलेला तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक विनंतीसोबत एक स्वतंत्र किल्ली जोडायची. तीच किल्ली पुन्हा आली, तर सेवा नवा व्यवहार करत नाही, पहिल्या वेळचं उत्तर परत देते. लायब्ररीला पुन्हा प्रयत्न करायची मुभा दिली, तर ही किल्ली ती स्वतःच तयार करते आणि दोन प्रयत्नांमधला अवकाश वाढवत नेते.

ही सोय प्रत्येक सेवेत, प्रत्येक विनंतीला मिळतेच असं नाही. म्हणून आम्ही आमच्या डेटाबेसमध्येच कडक नियम घातला: एक वर्गणीदार, एक योजना, एक कालावधी, यांची नोंद एकदाच होणार. विनंतीच्या आधी नोंद करायची. जोडणी तुटली तर आधी सेवेला स्थिती विचारायची, मगच पुढचं पाऊल. ताईंनी हा नियम ऐकला आणि म्हणाल्या, “म्हणजे पावतीपुस्तकावरचा छापील क्रमांकच की!” त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं.

पैसे जमा झाल्यावर सेवा आपणहून मासिकाच्या सर्व्हरला निरोप पाठवते. हा वेबहूक. इथं दोन धोके असतात. मासिकाचा पत्ता कळला, तर “पैसे मिळाले” असा खोटा निरोप कुणीही पाठवू शकतो. म्हणून निरोपासोबत एक सही येते. फक्त सेवा आणि मासिक या दोघांनाच ठाऊक असलेलं गुपित आणि निरोपाचा मजकूर यांच्यावरून ती सही एचमॅक पद्धतीने काढलेली असते. आपण तीच आकडेमोड करून सही जुळते का पाहायचं, आणि हे काम लायब्ररीतलं एक फंक्शन करतं. मजकूर मात्र आला तसाच त्याच्या हाती द्यावा लागतो. मध्ये कुणी तो उलगडून पुन्हा बांधला आणि एक मोकळी जागा जरी बदलली, तरी सही जुळत नाही. दुसरा धोका पुनरावृत्तीचा. आपल्याकडून वेळेवर पोच मिळाली नाही, तर सेवा तोच निरोप पुन्हा पाठवते. कधी नंतरचा निरोप आधी पोचतो. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. तो टिपून ठेवायचा आणि दुसऱ्यांदा आलेल्याला फक्त पोच द्यायची.

वेळेचा धडा लहान, पण हिशेबनिसाला घाम फोडणारा. सेवा वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत मोजतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोनला भरलेली वर्गणी यूटीसीत ३१ मार्चची दिसते आणि गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या मासिक वर्गणीचं फेब्रुवारीत काय, हाही प्रश्न येतो. स्ट्राइप फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बिल करते आणि मार्चमध्ये पुन्हा ३१ तारखेवर येते.

भारतात या साऱ्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरच्या आवर्ती व्यवहारांची चौकट आखली. तिची काटेकोर अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०२१ पासून झाली, तेव्हा देशभरात कित्येक वर्गण्या अडकल्या, कारण जुन्या परवानग्या नव्या नियमात बसत नव्हत्या. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि त्या सूचनेवरून त्याला व्यवहार थांबवता आला पाहिजे. दर वेळी ओटीपी न मागता कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी २,००० रुपये होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आलं, तेव्हा कार्ड नसलेल्या वाचकांनाही हा मार्ग खुला झाला.

रक्कम कापताना खात्यात पैसे नसले, तर वर्गणी लगेच संपत नाही. रेझरपेत ती आधी ‘पेंडिंग’ होते, पुन्हा प्रयत्न होतात, आणि तेही फसले की ‘हॉल्टेड’. लायब्ररी ही स्थिती सांगते. वाचकाशी कसं वागायचं ते मासिकाने ठरवायचं असतं. इथं ताईंचा शब्द अखेरचा ठरला. पेंडिंग असेपर्यंत अंक चालू ठेवायचा, हॉल्टेड झाली की आधी फोन करायचा. पेन्शन उशिरा जमा झाली म्हणून कुणाचा अंक बंद व्हावा, हे त्यांना मान्य नव्हतं. मलाही नाही.

वर्गणी बंद करण्याचं बटण आम्ही सुरू करण्याच्या बटणाशेजारीच ठेवलं. लायब्ररीत रद्द करण्याची विनंती नवी वर्गणी सुरू करण्याइतकीच सोपी असते. ती वाचकापासून लपवायला कुठलंही तांत्रिक कारण नाही. ज्यांच्या हाती असं काम येईल, त्यांनी लायब्ररी नुसती बसवू नये, तिचा कोड आणि तिच्या चाचण्याही वाचाव्यात. आणि वाचकांनी आज आपल्या यूपीआय ॲपमधला ऑटोपे विभाग उघडून कोणकोणत्या परवानग्या चालू आहेत ते पाहावं. नको असलेली परवानगी तिथूनच रद्द करता येते.