दोरा कुठला, एवढंच विचारलंस

मुगभाट, गिरगाव
१६ डिसेंबर २०२५

चि. अरुण,

गोधडीला दोरा कुठला घेऊ, एवढंच तू विचारलंस. उत्तर एका ओळीचं आहे. सुती रिळाचा घे, दुहेरी कर आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घे, म्हणजे गुंतत नाही. पत्र इथेच संपायचं. पण तू टाचणी लावून तो हिरवा तुकडा पाठवलास. पाकिटातून काढला तर आधी काठाजवळचं रफूच दिसलं. ते माझ्या हातचं आहे, बाबा. आईला कळू नये म्हणून पोपटी दोऱ्याने केलेलं. हिरवा मिळाला नव्हता. तिला अर्थातच कळलं होतं.

म्हणजे तू आईचं हिरवं लुगडं कापलंस. एकदा विचारावंसं वाटलं नाही? परळहून गिरगावात यायला आता काही बोटीत बसावं लागत नाही. ऑक्टोबरात मेट्रो इथपर्यंत आली, दादरला बसलास की थेट आमच्या नाक्यावर उतरशील. आणि वर 'रंगाचा नमुना पाठवत आहे' असं लिहितोस! भाऊ आहेस की कापडवाला?

दुपारचा चहा होईपर्यंत राग उतरला. लुगडी शेवटी कापायचीच असतात. आई असती तर तिने माझ्याआधी कात्री लावली असती. मला खुपलं ते तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावरचं. अस्तराला हिंदमाताहून नवं कोरं कापड आणलंस. मध्ये घालायला फायबरचा थर ऑनलाइन मागवलास. आणि विचारतोस, 'दोनशे ग्रॅमचा पुरेल का मुंबईच्या थंडीला?'

मुंबईच्या थंडीला! अरे, पहाटे सोळा-सतरा अंश झाले की पेपरात 'मुंबई गारठली' छापून येतं. खरी थंडी आपण एकदाच पाहिली, १९६२ सालच्या २२ जानेवारीला. सांताक्रूझला ७.४, कुलाब्याला ११.७. त्याच्या खाली पारा आजवर गेलेला नाही. त्या रात्री खोलीत गावाकडचे पाहुणे धरून सगळे होतो आणि गोधड्या दोन. एक उभी टाकली, एक आडवी. पाय कुणाचे बाहेर राहिले ते मी लिहीत नाही, तू अजून सगळ्यांना सांगत असतोस. त्या दोन्ही गोधड्यांत फायबर नव्हतं आणि कुणी मेलं नाही.

आईच्या गोधडीत विकतचं काय असायचं? सुई आणि दोरा. नानांची विरलेली धोतरं, गिरणीतून वजनावर मिळालेले फेंट, तुझ्या खाकी चड्ड्यांचे शाबूत राहिलेले भाग, माझे परकर. एका सुती नऊवारीच्या चार घड्या घातल्या की माणूसभर लांबीची गोधडी होते, हे तिचं माप. फाटका भाग आत, धड भाग वर, काठ कडेला. कारण अंग विरलं तरी काठ टिकतो. चटई उचलून फरशीवर पसरायची, तळव्याने सुरकुत्या बाहेर ढकलायच्या, मोठे कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग कडेने सुरू करून धावदोरा फिरवत फिरवत मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर, जास्त ठेवलंस तर धुताना आतल्या चिंध्या गोळा होऊन कोपऱ्यात बसतात. शिवताना ती गोधडीवरच बसायची आणि जसजसं काम आत सरकेल तसतशी स्वतःही सरकायची.

आणि हे नीट वाच. नव्या कापडात खळ असते, ते पहिल्या धुण्यात आटतं. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटून मोकळं झालेलं असतं. दोन्ही एकत्र शिवलीस तर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी आक्रसून वर फुगे येतील. आणलंच आहेस तर ते अस्तर गरम पाण्यात रात्रभर भिजव, दोनदा धू, मग हात लाव. फायबर परत करता येत असेल तर कर. तुझ्या नलूच्या सुती साड्यांना हात लावायला तू तयार नाहीस, हे मला दिसतं. राहू दे. माझ्याकडे जुने पंचे आणि दोन पलंगपोस आहेत, ते आत घालू.

माझं म्हणणं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. गोधडी काय, कुंडी काय, रोजनिशी काय, ही सगळी उरल्यासुरल्याची कामं. घरात जे उरतं त्यातून ती सुरू झाली पाहिजेत. त्यासाठी सामान विकत आणलं की माणूस सामानाचा गुलाम होतो. तू रिटायर झाल्यावर ते व्हायोलिन आणलं होतंस. ते कुठे आहे आता? माळ्यावर. हसू नकोस.

कुंड्यांची तीच गत. पिशवीबंद माती, पिशवीबंद खत, दादरच्या फुलबाजारातून भरगच्च फुललेली शेवंती, आणि मग 'ताई, सगळं सुकतंय'. सुकणारच. तुझी गॅलरी उत्तरेची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, मार्च उजाडला तरी तुझ्या कठड्यावर दुपारचं ऊन यायचं नाही. त्यात बाविसावा मजला. तिथला वारा पानातलं पाणी शोषून नेतो आणि तू समजतोस पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततोस. मुळं कुजतात. शेवंतीचं आणखी एक आहे. तिला लांब, काळोखी रात्र लागते, तेव्हा ती कळी धरते. समोरच्या बांधकामाचे दिवे रात्रभर तुझ्या गॅलरीत पडतात, म्हणजे तिच्या लेखी रात्र होतच नाही. आहेत ती फुलं संपली की तिच्याकडून पुढची आशा ठेवू नकोस.

त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दक्षिणेच्या खिडकीत एक पसरट ट्रे ठेव. डब्यातली मेथी रात्री भिजव, सकाळी वाळू-मातीत दाट पसर. दोन आठवड्यांत बोटभर झाली की मुळांसकट उपट. आपल्याकडे समुद्रमेथीच्या त्या इवल्या जुड्या येतात ना, किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकवलेल्या, तशीच. लसूण घालून परतायची आणि भाकरीबरोबर खायची. धुंधुरमास आजपासून लागला, निदान एकदा तरी सकाळी उठून बाजरीची भाकरी कर. येत नसेल तर थाप, तुटली तरी खा.

माती विकत आणू नकोस, हे श्रीपाद दाभोलकरांनी इतक्या वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. गणिताचा माणूस, पण उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यांतून गच्चीवर माती कशी करायची हे लोकांना हाताने करायला लावलं. पुढे त्याच पद्धतीने आपल्या पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर बाग उभी राहिली, तिथल्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर. नुसतं सिमेंट होतं तिथे झाडं फळाला आली. तुझ्या खाली कोपऱ्यावर रसवाला बसतो, तो चिपाडं फेकतो. मागून आण, लाजू नकोस. आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुड, थंडीत तिला तेवढंच लागतं. पाणी एक दिवसाआड.

आता त्या डायरीबद्दल. तिच्या पानाचा फोटो काढून तू छापून पाठवलास ते बरं केलंस, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. छापील प्रश्न! 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?' आणि खाली तीन रेघा. तू पहिल्या रेघेवर लिहिलंस, 'सूर्यप्रकाश'. उत्तरेच्या गॅलरीत बसून! शाळेत निबंधाला मार्क मिळावेत म्हणून लिहायचास, तसं लिहितोस. रोजनिशीला मार्क द्यायला कुणी बसलेलं नाही. तारीख घाल, सकाळी किती अंश होते ते घाल, भाजीचा भाव, कोण आलं, कोणाचा फोन, काय शिजलं, काय नासलं. वाटलं काय ते लिहू नकोस. नलूने तुला दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' दिलं होतं, १९५६ सालचं पुस्तक, ते शोध. महिन्याकडे बघावं कसं ते त्यात आहे. बाई आधी बघतात, मग बोलतात.

आईने आयुष्यात डायरी घेतली नाही. १९७३ साली कालनिर्णय निघालं, तेव्हापासूनची तिची सगळी माझ्याकडे आहेत, परकराच्या नाडीने बांधलेली. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. गॅस लावला, धोबी, अरूला ताप. परवा १९८२ चं काढलं. १८ जानेवारीला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तुला-मला कुणी सांगायला नको. त्या चौकोनात काय आहे? 'उद्यापासून आरे एकच बाटली.' बस्स. दत्ता सामंतांचं नाव नाही, संप हा शब्दसुद्धा नाही. मार्चच्या पानावर पाटल्या आणि पुढे रक्कम. मेपासून चौकोन भरू लागतात: '१४ नंबर, १ गोधडी, दोन पातळं त्यांची', '३१ नंबर, दुपटं, पैसे बाकी'. मी तेव्हा सासरी होते, मला एवढंच माहीत होतं की आई फावल्या वेळात गोधड्या भरते. फावला वेळ! एका महिन्यात किती चौकोन भरलेत ते बघायला ये. नाना सुया ओवून द्यायचे, हे तूच मला नंतर सांगितलंस. गिरणीत साच्यावर तुटलेला धागा चालता चालता सांधणारा माणूस. सुई ओवायला त्यांना चष्मा लागत नव्हता.

तुला लागतो. आणि लागूनही दिसत नाही.

त्या छापील पानाच्या खालच्या कोपऱ्यात 'झोप' असा एक रकाना आहे, त्यात तू ३ लिहिलंयस. कृतज्ञतेच्या तीन रेघा मी एकदा वाचल्या आणि तो तीनचा आकडा दुपारपासून वाचते आहे. पत्रातही एका वाक्यात तू सहज लिहून गेलास की रात्री अडीचला दोरा ओवत होतो. अरुण, रात्री अडीचला तू जागा का असतोस? मोतीबिंदू पिकलेला, एका बल्बाच्या उजेडात सुई, समोर ते बांधकामाचे झगझगीत दिवे. जाड पडदा लाव. शेवंतीसाठी नव्हे, तुझ्यासाठी. दुपारी झोपून घेतोस का? जेवतोस किती वाजता? डबेवाल्या बाईंनी भाजी दिली तर भात तू लावतोस की तसाच पोळीवर भागवतोस?

आणि तो खोकला. रविवारी फोनवर चार वाक्यांत तीनदा खोकलास आणि म्हणालास, 'थंडीचं आहे.' थंडीचं नाही, धुळीचं आहे. या दिवसांत पहाटेचा वारा जमिनीकडून येतो, हवा वर चढत नाही, सगळ्या बांधकामांची धूळ खालीच कोंडून राहते. तू नेमका सकाळी सातला गॅलरी उघडून गोधडी झटकतोस! दुपारी खारा वारा सुटल्यावर काय वाळत घालायचं ते घाल. समोर पत्रे लावलेत, हिरवी जाळी लावली आहे, सगळं खरं. तुझ्या खिडकीच्या कठड्यावर सकाळी बोट फिरव आणि मला सांग. फिरायला जातोस तेव्हा मास्क लाव. छातीचा एक्स-रे काढून घे. डॉक्टर नको म्हणाले तरी काढ.

गोधडी पुरी झाली की हॉलमध्ये भिंतीवर लावणार म्हणतोस. भिंतीला थंडी वाजते का? पांघर. येत्या शनिवारी, २० तारखेला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यांना लोक गोधडेबुवा म्हणत. आई त्यांच्या नावाने दर डिसेंबरात एक गोधडी देऊन टाकायची, तीही चांगली, पहिल्या नंबरची. तुझ्या घरापासून टाटा हॉस्पिटल चालत जाण्याइतकं. बाहेर फुटपाथवर पेशंटची माणसं निजलेली तू रोज बघतोस. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथे उतरतात. दुसरी गोधडी करशील ती त्यांना विचारून दे. आजाऱ्याला काय चालतं, काय नाही, ते तेच सांगतील. पहिली तुझी.

परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापनाच्या सवाष्णी येणार आहेत, म्हणून निघता येत नाही. शुक्रवारी सकाळी येते. पंचे आणि कालनिर्णयांची जुडी बरोबर आणते. राहायच्या तयारीने येईन, तुझ्या सुनेला फोन करून परवानगी वगैरे विचारू नकोस. रात्री अडीचला जाग आलीच तर सुई हातात घेऊ नकोस, मला फोन लाव. मी जागीच असते.

तुझी,
ताई

ता. क. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तू दोनदा पुढे ढकललीस, हे मला तुझ्या सुनेकडून कळलं. हॉस्पिटलचा तो कागद शोधून टेबलावर काढून ठेव. संक्रांत झाली की करून टाकू. मे महिन्यात घामाने डोळ्यावरची पट्टी चिकचिकते आणि तू ती काढून फेकशील.