मुदतीचा परवाना

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती कोणताही कागद आला की त्याची नजर आधी दोन गोष्टी शोधते : तो कोणाच्या नावे आहे आणि कोठवर लागू आहे. मजकूर त्यानंतर. कोषागार खात्यातून सेवानिवृत्त होऊन आता बरीच वर्षे लोटली; पण ही सवय काही आम्हांला सोडून गेलेली नाही. अलीकडे ती पुन्हा उपयोगी पडली. मेलबर्नला असलेल्या आमच्या कन्येने व्हिसाचे नियम आमच्याकडे पाठविले आणि विचारले, "बाबा, तुम्ही जन्मभर जीओ वाचलेत. हे वाचून सांगा, मी काय करू?"

प्रश्न थोडक्यात असा. कन्या स्थापत्य अभियंता. हैदराबादेत चार वर्षे काम करून २०२२ साली ती एका कंपनीच्या बोलावण्यावरून तिकडे गेली. व्हिसा चार वर्षांचा, उपवर्ग ४८२. ज्या मालकाने नामनिर्देशन केले त्याच्याकडेच आणि त्याच व्यवसायात काम करायचे, ही त्याची मुख्य अट. दुसरा मालक मिळालाच तर त्याने नव्याने नामनिर्देशन केले पाहिजे. याच्या जागी उपवर्ग १८९ चा व्हिसा मागावा काय, असा तिचा विचार चालला आहे. तो कुशल व्यक्तीला तिच्या स्वतःच्या नावे मिळतो. त्याला मालक लागत नाही आणि तेथील वास्तव्याला मुदतही राहत नाही.

दिलसुखनगरात हा विषय कोणाला नवा नाही. आमच्या गल्लीतून मेट्रोच्या स्थानकापर्यंत चालत गेले तर शिकवणी वर्ग, मुलामुलींची वसतिगृहे आणि परदेशी पाठविणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. पाट्यांवर देशांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. अटी मात्र पाटीवर मावत नाहीत. म्हणून आम्ही मूळ नियमच वाचावयास घेतले.

या व्हिसाचा सारा कारभार गुणांवर चालतो. किमान ६५ गुण हवेत. प्रत्यक्षात बोलावणे येते ते बहुधा त्याहून बरेच वरच्यांना. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, तेहतिसावे पूर्ण झाले की २५. पदवीला १५. इंग्रजी उत्तम असेल तर १०, अत्युत्तम असेल तर २०. कामाच्या अनुभवाला निराळे. बोलावणे येईल त्या दिवशीचे वय धरले जाते. आणि कन्येचा तेहतिसावा वाढदिवस काही महिन्यांवर आला आहे. अविवाहिताला १० गुण मिळतात, कुशल जोडीदार असणाऱ्यालाही तेवढेच मिळतात. जोडीदाराला केवळ पुरेसे इंग्रजी येत असेल तर मात्र ५. आमच्या सौभाग्यवतींनी या कलमास तीव्र हरकत नोंदविली आहे. लग्न न करण्याला सरकार गुण देते, हे त्यांच्या दृष्टीने कोणत्याही सभ्य राज्याला शोभणारे नाही.

दुसऱ्या बाजूचे वजनही कमी नाही. अर्जाचे शुल्कच सुमारे पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, त्याशिवाय अर्हतेची पडताळणी आणि भाषेची परीक्षा. हा सारा खर्च स्वतःच्या खिशातून. उलट, नामनिर्देशनाचा आणि त्यावरच्या कराचा भार कायद्याने मालकावरच आहे. दोन वर्षे काम केल्यावर मालक कायम वास्तव्यासाठी शिफारसही करू शकतो. तिच्या वरिष्ठांनी तसे आश्वासन दिले आहे. पण ते तोंडी. शिवाय १ जुलै २०२४ पासून नियम सैल झाला. नोकरी सुटल्यास पूर्वी ६० दिवसांत दुसरा मालक गाठावा लागे. आता एका वेळी १८० दिवस मिळतात. मग घाई कशाला, असे कोणीही म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हटले.

त्यावर कन्या जे बोलली ते आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "बाबा, मला इथे कोणी त्रास देत नाही. माणसं चांगली आहेत. पण हल्ली मीटिंगमध्ये मी 'हो' फार लवकर म्हणते." आमची मुलगी लहानपणापासून वाद घालणारी. शाळेतल्या बाई तिच्या प्रश्नांनी कंटाळत. तिला गप्प बसायला कोणी सांगितले नव्हते. पण आपले येथील राहणे कोणाच्या मर्जीवर आहे, हे एकदा ठाऊक झाले की जीभ आपोआप आवरती होते. असा परवाना माणसाला कामाशी बांधतो, ते समजण्यासारखे आहे. पण तो त्याला मालकाच्या मुद्रेकडे पाहावयासही लावतो, हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेले नसते.

आम्हां हैदराबादकरांना हा मामला तसा अनोळखी नाही. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी माणूस 'मुल्की' असावा लागे, म्हणजे त्याचे पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध व्हावे लागे. आमचे आजोबा परभणीचे, म्हणजे त्याच संस्थानातले. त्यामुळे वडिलांना नोकरी मिळताना अडचण आली नाही. १९५२ साली याच शहरात गैरमुल्कींविरुद्ध विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले. १९७३ मध्ये ते नियम रद्द झाले. म्हणजे 'आतला कोण, बाहेरचा कोण' या प्रश्नात आमचे घराणे एक पिढी उंबऱ्याच्या आत उभे होते. आता आमची मुलगी उंबऱ्याबाहेर आहे, आणि वास्तव्याचे पुरावे गोळा करते आहे.

स्वतःच्या नावाचा व्हिसा म्हणजे निर्वेध सुख, असेही नाही. ब्रिटनने २००२ साली अतिकुशल स्थलांतरितांसाठी अशीच गुणांची योजना काढली. मालकाच्या परवान्यावर असलेल्या अनेकांनी, त्यांत आपले बांधवही बरेच होते, तिच्यावर विसंबून संसार हलविले. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने निकष बदलले आणि ते आधीच आलेल्यांनाही लावले. लोक न्यायालयात गेले. एप्रिल २००८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आम्हांला या प्रकरणातून दोन्ही गोष्टी दिसतात. राज्यकर्त्याचा शब्द फिरू शकतो, हे खरेच. पण तो लेखी असला तर माणूस तो घेऊन न्यायाधीशापुढे उभा राहू शकतो. वरिष्ठांचे तोंडी आश्वासन घेऊन कोठे उभे राहणार? नकार देणारा लेखी नियमही अशा गोड होकारापेक्षा बरा, असे आमचे खात्यातल्या अनुभवाचे मत आहे.

कृतघ्नतेची टोचणीही तिला होती. ज्यांनी बोलावले, त्यांच्या नकळत वेगळा अर्ज करायचा? आम्ही तिला २०१४ ची गोष्ट सांगितली. २ जूनला राज्याचे विभाजन झाले तेव्हा आम्ही अधिकाऱ्यांनी कोणते राज्य हवे याचे विकल्प भरून दिले होते. राज्य बदलले, खुर्ची, मेज, समोरच्या फायली त्याच राहिल्या. तुझेही तसेच होईल, म्हटले. व्हिसा बदलला म्हणून नोकरी सोडलीच पाहिजे असे नाही. त्याच मेजाशी बसशील. पण बसशील ती राहायचे ठरवून, जाता येत नाही म्हणून नव्हे. चांगल्या मालकालाही असाच माणूस अधिक उपयोगाचा.

हा सल्ला देताना आम्ही तटस्थ नव्हतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. तिच्या सध्याच्या परवान्यावर जी शेवटची तारीख आहे, ती आम्हां दोघांना पाठ आहे. ती तारीख तिच्या लेखी धोका आहे. आमच्या लेखी ती तिच्या परतीची शक्यता होती. वरची खोली आम्ही भाड्याने दिलेली नाही, ती त्याच हिशेबाने. मालकाशी बांधणारा कागद तिला, दुरून का होईना, आमच्याशीही बांधून होता. तो सोडविण्याचा मसुदा आम्हीच तपासून दिला. मध्यंतरी सौभाग्यवती चिलकूरच्या बालाजीला जाऊन नवसाच्या अकरा प्रदक्षिणा घालून आल्या. काय मागितले, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

पडताळणीसाठी लागणारा हैदराबादच्या नोकरीचा अनुभवाचा दाखला आम्ही स्वतः जाऊन आणला. तिने आपली इच्छुकता नोंदविली आहे. ती नोंद दोन वर्षे राहते. बोलावणे वाढदिवसापूर्वी येते की नंतर, की येतच नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही.

सेवानियमांत एक शब्द आहे, धारणाधिकार. नोकर प्रतिनियुक्तीवर कितीही दूर गेला तरी मूळ पदावरचा त्याचा हक्क शाबूत राहतो. मात्र दुसरीकडे तो कायम झाला की हा हक्क संपतो. हे कलम आम्ही नोकरीत कित्येकदा लावले. घरी ते लावायचे नाही, एवढे आम्ही दोघांनी ठरविले आहे. वरची खोली तशीच राहील.