जुन्या खळ्यावर घोड्याचे रिंगण

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. ती आटोपली, की आमच्या भागात दोन-चार घरांच्या अंगणात नवा घोडा किंवा तट्टू बांधलेले दिसते. कोणाला हौस असते, कोणाला वरातीच्या घोड्याचा जोडधंदा करायचा असतो. घोडा येतो, त्याच्यासाठी हरभरा येतो, झूल येते. पण त्याला फिरवायचे कुठे, हा प्रश्न मागाहून येतो. मग पोरे त्याला डांबरी सडकेवर नेतात.

सडक ही घोड्याच्या पायांची वैरीण. टणक जमिनीचा हादरा खुरापासून सांध्यापर्यंत जातो आणि नाल मारलेला पाय ओल्या डांबरावर घसरतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची घोडी अशीच घसरली. समोरून ट्रक येत होता. चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून चौदा वर्षांचा नातू आणि घोडी दोघेही वाचले. घोडीचे गुडघे मात्र सोलले. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, पोराची हौस मोडवत नाही आणि त्याला सडकेवर पाठवायची छाती होत नाही. घरीच काही करता येईल का?"

मी मातीतला माणूस, घोड्यातला नव्हे. पण रिंगण हे निम्म्याहून अधिक मातीचेच काम आहे.

त्यांच्या मनात विहिरीजवळचा तुकडा होता. दिसायला सपाट, पण काळ्या मातीचा आणि सखल. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर टाकलेली वाळू पावसाळ्यात चिखलात मिसळून जाते. आमचे बोलणे चालले असता त्यांच्या वृद्ध आई ओट्यावरून म्हणाल्या, "अरे, जुनं खळं पडीकच आहे की! तिथं पाणी साचलेलं मी कधी पाहिलं नाही."

म्हातारीने नेमके सांगितले. वाडवडिलांनी खळ्याची जागा उंचवट्यावर, मुरमाड जमिनीत निवडलेली असते. तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, तेव्हा त्यांच्या पायाखाली चिखल होऊन चालत नसे. मळणीयंत्रे आल्यावर अशी कितीतरी खळी ओस पडली आहेत. तुमच्याकडे असेल तर पहिल्यांदा तीच जागा पाहा.

मधोमध खुंटी ठोकून 30 फूट दोरीने वर्तुळ आखले, की 60 फूट रुंदीचे रिंगण होते. जागा अडीच गुंठ्यांहून थोडी अधिक लागते. जमीन अगदी पाटासारखी सपाट करू नये. 60 फुटांत सहा-सात इंचांचा उतार एका बाजूला ठेवावा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तो सहज साधतो. चढाच्या अंगाला फूटभर खोल चर काढून वरचे पाणी बाहेर वळवावे. काळ्या मातीशिवाय दुसरी जागाच नसेल, तर वरची फूटभर माती काढून शेतात पसरावी आणि तिथे मुरूम भरावा.

मुरूम थर देत, पाणी मारत, रोलरने किंवा धुमसाने ठोकून सहा इंच पक्का करावा. दबल्यावर तो कमी भरतो, म्हणून सतरा-अठरा ब्रास धरावा. मूळ जमीन मुरमाड असेल, तर यातला बराच खर्च वाचतो. मुरूम, वाळू काढण्याआधी तहसील कचेरीत परवान्याची चौकशी करावी. पहिला पावसाळा मुरमावरून जाऊ द्यावा. जिथे पाणी थांबेल, तिथे पुन्हा भर घालावी. मगच वाळू टाकावी. ती दोन इंचच पुरे. सुमारे पाच ब्रास लागते. खोल वाळूत घोड्याच्या शिरा ताणल्या जातात. कमी पडली तर वाढवता येते, जास्त झालेली काढणे जड जाते.

कुंपणाला आठ-आठ फुटांवर बांबू किंवा निलगिरीचे चोवीस खांब पुरतात. आडवे बांबू आतल्या अंगाने बांधावेत, म्हणजे स्वाराचा गुडघा खांबावर आपटत नाही. काटेरी तार मुळीच नको. खिळे वेचून घ्यावेत. घोड्याला धनुर्वात लवकर होतो, म्हणून पशुवैद्यांकडून त्याची लसही टोचून घ्यावी.

लीद रोज उचलून उकिरड्यात टाकावी, नाहीतर वाळूची माती होते. धूळ उडू लागली तर आधी पाणी शिंपडावे. आठवड्यातून एकदा फळी फिरवावी. रिंगणात वैरण टाकू नये. वाळू पोटात गेली तर पोटशूळ उठतो. फेर दोन्ही बाजूंनी सारखे द्यावेत आणि थोडा वेळच द्यावेत. कोवळ्या शिंगराला गोल गोल पळवू नये. पोराच्या डोक्यावर हेल्मेट हवेच.

त्या खळ्यावरून आता दोन पावसाळे गेले. घोडी तिथेच फिरते, आणि आजी ओट्यावरून नातवावर लक्ष ठेवतात.

हातात पैसे कमी असतील तर कुंपण साध्या बांबूचे करा, वाळू पुढच्या वर्षी टाका. पण चर आणि मुरूम यांत काटकसर करू नका. वरचे पुन्हा करता येते. पाया बिघडला तर सगळेच उकरावे लागते.